सुईआधीच निकाल नको

पायात काटा मोडला आणि जखम चिघळली की दोन-तीन दिवसांत जांघेत गाठ येते. गावाकडे तिला अवधाण म्हणतात. जखम पायाला आणि गाठ जांघेत, हे कसे, असा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही. घरातली म्हातारी आधी पाय बघते, काटा काढते, शेकायला सांगते आणि जखम भरली की अवधाण बसेल म्हणून आपल्या कामाला लागते. बहुतेक वेळा ते बसतेही. लसिका ग्रंथी हा शब्द तिने कधी ऐकलेला नसतो. पण शरीराच्या एखाद्या भागात बिघाड झाला की तिथला निचरा ज्या वाटेने जातो त्या वाटेवरची गाठ सुजते, एवढे तिला पक्के ठाऊक असते.

हे शहाणपण एका ठिकाणी मात्र हमखास हरवते. माणसाला कॅन्सर आहे असे कळले की त्या दिवसापासून त्याच्या अंगातली प्रत्येक गाठ कॅन्सरचीच ठरते. यात थोडा भाषेचाही दोष आहे. ट्यूमरलाही आपण गाठ म्हणतो आणि लसिका ग्रंथीलाही गाठच. शरीरात अशा सहाशेच्या आसपास ग्रंथी जन्मापासून असतात. त्या असणे हा आजार नव्हे आणि त्या सुजणे हे त्यांचे नेमून दिलेले काम आहे. पण स्कॅनच्या रिपोर्टात ‘गाठी वाढलेल्या दिसतात’ एवढे आले की घरी पोहोचेपर्यंत त्याचे ‘सगळीकडे पसरला’ झालेले असते. रेडिऑलॉजिस्टने लिहिलेला ‘लाइकली’ हा शब्द व्हॉट्सॲपवर पहिल्याच मुक्कामाला गळून पडतो.

नातेवाइकांनी घाबरावे हे समजण्यासारखे आहे. डॉक्टरांनीही त्याच घाईने निकाल द्यावा, हे समजण्यासारखे नाही.

भंडारा-गोंदिया पट्ट्यात धानाची रोवणी करणारी पन्नाशीची एक बाई डोळ्यांपुढे आणावी. पावसाळाभर ती चिखलात उभी असते. पायाच्या बेचक्यांत चिखल्या, टाचांना भेगा. पाळी थांबून काही वर्षे झाल्यावर पुन्हा अंगावरून रक्त जाऊ लागले म्हणून तपासले, तर गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला. आजार ओटीपोटापुरताच आहे. रेडिएशन आणि जोडीला केमो दिली तर ती बरी होण्याची चांगली शक्यता आहे. मग मोठ्या शहरात पेट स्कॅन होतो आणि उजव्या जांघेतल्या दोन गाठी चमकतात. गर्भाशयमुखाचा कॅन्सर जांघेतल्या ग्रंथींत गेला असेल तर तो दूरवर पसरलेला, म्हणजे चौथ्या टप्प्याचा समजतात. चौथा टप्पा म्हटला की उपचाराचा हेतूच बदलतो. बरे करण्याऐवजी त्रास कमी करण्याची भाषा सुरू होते. घरातले पुरुष बाजूला बोलावले जातात, जमीन विकायची की नाही यावर बोलणे होते आणि बाईला काही न सांगता तिला गावी नेण्याची तयारी सुरू होते.

आता तिच्या जांघेतल्या गाठींचा विचार करू. गर्भाशयमुखाचा निचरा आधी ओटीपोटातल्या ग्रंथींकडे होतो. जांघेतल्या ग्रंथींकडे मुख्यतः पायांचा आणि बाह्य जननेंद्रियांचा निचरा येतो. ओटीपोटातल्या ग्रंथी स्वच्छ आणि जांघेतल्या तेवढ्या चमकत असतील, तर पहिला प्रश्न पायांबद्दलचा हवा. त्यात हे जिल्हे हत्तीरोगाचा जुना वावर असलेले. एक बारीक सुई, पाच मिनिटे आणि काचेची दोन स्लाइड यांवर या बाईचा टप्पा चौथा की त्याआधीचा, हे ठरू शकते. तरी ती सुई अनेकदा घातलीच जात नाही.

२०१८ मध्ये फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे टप्पे नव्याने आखले. ओटीपोटातल्या आणि महाधमनीलगतच्या ग्रंथींत आजार गेला असेल तर त्यासाठी ‘३ सी’ असा वेगळा टप्पा आला. त्यात एक बारीकशी तरतूद आहे, जिच्याकडे फार कुणाचे लक्ष जात नाही. टप्प्याच्या पुढे एक अक्षर लिहायचे: केवळ स्कॅन पाहून ठरवले असेल तर ‘आर’ आणि पॅथॉलॉजिस्टने पेशी पाहून ठरवले असेल तर ‘पी’. म्हणजे ग्रंथीत कॅन्सर आहे, एवढे लिहून भागत नाही. हे कोणी पाहिले तेही लिहायचे. ही पद्धत प्रत्येक कॅन्सरच्या प्रत्येक केसपेपरवर यायला हरकत नाही. आज कागदावर नुसता टप्पा लिहिलेला असतो आणि पुढचा डॉक्टर तो सिद्ध झालेलाच धरून चालतो.

स्कॅन नेमके काय पाहतो? सीटी स्कॅन आकार पाहतो. ग्रंथीचा आखूड व्यास १० मिलिमीटरच्या आत असेल तर ती सामान्य धरायची आणि १५ किंवा त्याहून अधिक असेल तर ती उपचाराचा परिणाम मोजायला घ्यायची, असे २००९ पासूनचे निकष सांगतात. ते मोजमापासाठी सोयीचे आहेत, पण कॅन्सरच्या पेशी फूटपट्टी लावून येत नाहीत. सहा मिलिमीटरच्या ग्रंथीत कॅन्सर सापडतो आणि तीन सेंटिमीटरच्या ग्रंथीत नुसती सूज निघते.

पेट स्कॅनचे तंत्र वेगळे. त्यात किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देतात. ज्या पेशी साखर भराभर खेचतात त्या पडद्यावर उजळतात. कॅन्सरच्या पेशी अशा अधाशी असतात हे खरे, पण जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशीही तेवढ्याच अधाशी असतात. रिपोर्टात एसयूव्ही नावाचा एक आकडा असतो आणि नातेवाईक तो रक्तातल्या साखरेसारखा वाचतात: वाढला म्हणजे वाईट. क्षयाच्या गाठीत हा आकडा कॅन्सरच्या गाठीपेक्षा मोठाही येतो. अमुक आकड्यापुढे कॅन्सर अशी रेघ अजून कुणाला मारता आलेली नाही.

आपल्यासारख्या देशात तर ही अडचण अधिकच. फुफ्फुसातल्या गाठींबद्दलच्या सत्तर अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली आले. जिथे क्षय किंवा बुरशीचे संसर्ग फारसे नाहीत तिथे, गाठ कॅन्सरची नसताना ‘नाही’ असे पेट स्कॅनने बरोबर सांगण्याचे प्रमाण ७७ टक्के होते. जिथे असे संसर्ग मुरलेले आहेत तिथे ते ६१ टक्क्यांवर आले. यंत्र तेच, साखर तीच. बदलली ती फक्त भोवतालची माणसे आणि त्यांचे आजार. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. इथे स्कॅनच्या उजेडाचा अर्थ लावताना पाश्चात्त्य पाठ्यपुस्तक जसेच्या तसे वापरून चालणार नाही.

गंडमाळा हा शब्द मराठीत उगीच आलेला नाही. फुफ्फुसाबाहेरच्या क्षयात आपल्याकडे सर्वांत नेहमी आढळतो तो लसिका ग्रंथींचाच. त्यातून कॅन्सर आणि केमोने प्रतिकारशक्ती खाली आली की वर्षानुवर्षे निपचित पडलेला क्षय डोके वर काढतो. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपून दोन वर्षे झाली, नेहमीच्या तपासणीत छातीच्या मध्यभागी किंवा काखेत नव्या गाठी उजळल्या, तर ‘उलटला’ हा एकच अर्थ मनात येतो. प्रत्यक्षात तो सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होणारा क्षय असू शकतो. दोन्ही आजार एकाच ग्रंथीत शेजारी शेजारी राहिल्याचेही पॅथॉलॉजिस्टनी पाहिलेले आहे, त्यामुळे एक सापडला म्हणून दुसऱ्याचा शोध थांबवता येत नाही.

याहून फसवा प्रकार आणखी एक. कॅन्सरच्या जवळच्या ग्रंथींत कधी कधी ग्रॅन्युलोमा नावाचे पेशींचे पुंजके तयार होतात. तिथे क्षयाचा जंतू नसतो, कॅन्सरची पेशीही नसते. कॅन्सरला शरीराने दिलेला तो प्रतिसाद असतो. सारकॉइडसारखी प्रतिक्रिया असे त्याला म्हणतात. १९८६ सालच्या एका गाजलेल्या आढाव्यात कार्सिनोमाच्या रुग्णांत याचे प्रमाण ४.४ टक्के दिले होते. इम्युनोथेरपीची नवी औषधे सुरू झाल्यापासून हे अधिक दिसू लागले आहे. औषध चांगले लागू पडत असताना छातीतल्या ग्रंथी सुजतात आणि स्कॅन पाहणाऱ्याला वाटते की आजार वाढला, औषध बंद करा. आपल्याकडे या ग्रंथींच्या नशिबी आणखी एक फेरा असतो. सुई घातली, ग्रॅन्युलोमा दिसला की डोळे झाकून क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. ग्रॅन्युलोमा म्हणजे क्षयच असे नाही. जंतू दिसला का, सीबीनॅट तपासणीत त्याचा अंश सापडला का, कल्चर लावले का, हे विचारल्याशिवाय सहा महिन्यांच्या गोळ्या माथी मारणे हीदेखील सुईआधीच दिलेल्या निकालाची भावंडच.

चूल हे आणखी एक कारण, आणि ते बायकांच्या वाट्याचे. तीस-चाळीस वर्षे लाकूड आणि गोवऱ्यांच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बाईच्या छातीतल्या ग्रंथी काजळीने काळ्या झालेल्या असतात. त्या सुजतात, आकसतात, शेजारच्या श्वासनलिकेला ओढतात आणि पेट स्कॅनवर उजळतातही. कधी विडी न ओढलेल्या बाईला यावरून फुफ्फुसाचा कॅन्सर ठरवल्याचे छातीच्या डॉक्टरांना नवीन नाही. दगडखाणीत आणि खडी फोडण्याच्या कामावर राबलेल्यांच्या ग्रंथींत सिलिका साठते, त्याचीही हीच कथा. अशा रुग्णाला दुसरीकडे कुठे कॅन्सर असेल, तर छातीतल्या या गाठी त्याच्या खात्यावर मांडल्या जातात. तुम्ही स्वयंपाक कशावर करत होता, हा प्रश्न कॅन्सरच्या ओपीडीत सहसा कुणी विचारत नाही.

गोंदणाचेही तसेच. त्वचेत टोचलेल्या शाईचे कण तिथेच राहत नाहीत. काही जवळच्या ग्रंथींत जाऊन बसतात आणि आयुष्यभर राहतात. कॅलिफोर्नियातल्या एका तरुण बाईचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला वृत्तांत यासाठी वाचण्यासारखा आहे. तिला गर्भाशयमुखाचा कॅन्सर होता आणि पेट स्कॅनवर ओटीपोटातल्या ग्रंथी चमकल्या. शस्त्रक्रिया करून त्या काढल्या तेव्हा त्यांत कॅन्सर नव्हता, पायांवरच्या टॅटूंची शाई होती. आजच्या तरुण पिढीच्या दंडांवरचे टॅटू पाहता आणखी वीस वर्षांनी मॅमोग्राफी करणाऱ्यांना काखेतल्या ग्रंथींबद्दल बराच विचार करावा लागणार आहे.

लशींचा धडा तर अगदी ताजा आहे. दंडावर लस टोचली की त्याच बाजूच्या काखेतली ग्रंथी सुजू शकते. तान्ह्या बाळाला डाव्या दंडावर बीसीजी दिल्यावर काखेत गाठ आली, तर ती बीसीजीचीच असणार हे बालरोगतज्ज्ञ अनुभवाने ओळखतात. मोठ्यांच्या बाबतीत हे सगळे विसरायला झाले होते. मॉडर्ना कंपनीच्या कोविड लशीच्या मोठ्या चाचणीत १८ ते ६४ वयोगटातल्या १६ टक्के लोकांना दुसऱ्या डोसनंतर काखेत सूज किंवा दुखरेपणा आला. मग मॅमोग्राफीत आणि स्कॅनमध्ये जगभर इतक्या काखा उजळू लागल्या की अमेरिकेतल्या स्तन-इमेजिंग तज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या जानेवारीतच सल्ला दिला: तातडी नसेल तर तपासणी लशीआधी करा, नाहीतर दुसऱ्या डोसनंतर चार ते सहा आठवडे थांबा. रुग्णाला विचारायचे होते ते इतकेच: लस कधी घेतली आणि कोणत्या दंडावर.

एवढ्यावरून कुणाला वाटेल की दोष यंत्राचा आहे आणि सूक्ष्मदर्शकाखाली सगळे लख्ख दिसते. तसेही नाही. ग्रंथी काढून पॅथॉलॉजिस्टपुढे ठेवली तरी तिथे निरुपद्रवी पाहुणे बसलेले असू शकतात. तिळात किंवा चामखिळीसारख्या डागात ज्या पेशी असतात तशाच पेशींचे लहान पुंजके काही माणसांच्या ग्रंथींत जन्मापासून असतात; मेलानोमाच्या रुग्णात ते दिसले तर चूक व्हायला वेळ लागत नाही. बायकांच्या ओटीपोटातल्या ग्रंथींत बीजवाहिनीच्या अस्तरासारख्या नळ्या सापडतात, त्यांचाही कॅन्सरशी संबंध नसतो. अनुभवी पॅथॉलॉजिस्ट जागा पाहतो. कॅन्सरच्या पेशी वाहत येतात आणि ग्रंथीच्या वेष्टनाखालच्या पोकळीत उतरतात. तिळाच्या पेशी बहुधा वेष्टनातच रुतलेल्या असतात. स्तनातून बायॉप्सी घेताना सुटलेल्या काही पेशी नुसत्या ढकलल्या जाऊन काखेतल्या ग्रंथीत पोहोचतात, तेव्हा मात्र अनुभवी डोळ्यालाही थांबून विचार करावा लागतो. विशिष्ट रंग लावून या पेशी वेगळ्या ओळखता येतात, पण तो रंग मागवायचा विचार मनात यायला हवा, आणि त्यासाठी रुग्णाची माहिती हवी.

आणि माहितीचा तर आपल्याकडे दुष्काळ. नमुन्याबरोबर जाणाऱ्या फॉर्मवर ‘रुग्णाचा इतिहास’ असा एक चौकोन असतो. सरकारी असो वा खासगी, तो रिकामा ठेवण्याची जणू परंपराच आहे. फार तर ‘गाठ’ एवढा शब्द लिहिलेला असतो. कॅन्सर कुठला, केमो झाली का, ताप येतो का, आधी क्षय होता का, काही नाही. एका दिवसात शेकडो स्लाइड पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टने मग अंदाज कशावरून बांधायचा?

बाटलीची गोष्ट याहूनही साधी आणि याहूनही चीड आणणारी. ग्रंथी कापून काढली की ऑपरेशन थिएटरमध्ये ती सवयीने अख्खी फॉर्मॅलिनमध्ये टाकली जाते. फॉर्मॅलिनमध्ये पेशी टिकतात, पण क्षयाचे जंतू मरतात. आठवड्याने रिपोर्ट येतो: ग्रॅन्युलोमा आहेत, क्षयासाठी कल्चर करून पाहावे. कल्चर कशाचे करणार? ग्रंथी तर फॉर्मॅलिनमध्ये लोणच्यासारखी मुरलेली असते. एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आणि एक नुसत्या सलाइनमध्ये, एवढे केले असते तर सीबीनॅटने जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन त्याच्यावर चालेल का, हे यंत्रात नमुना घातल्यापासून सुमारे दोन तासांत कळू शकले असते. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात ही तपासणी मोफत आहे. दुसरी बाटली न ठेवण्याला निधीची कमतरता हे कारण कुणी देऊ नये.

सुईच्या वाटेत आणखी एक अडथळा आहे, तो लोकांच्या मनातला. ‘सुई घातली की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक कुटुंबाने ऐकलेले असते. शेजारच्या कुणाला तरी सुई लावली आणि चार महिन्यांत तो गेला, असा दाखलाही असतो. तो गेला तो आजाराने. सुई लावली तेव्हा आजार पुढे गेलेलाच होता. लसिका ग्रंथीतून बारीक सुईने पेशी घेतल्याने कॅन्सर पसरण्याची शक्यता अत्यल्प आहे. वृषणातल्या गाठीसारखे सुई टाळायचे मोजके अपवाद डॉक्टरांना ठाऊक असतात. या भीतीपोटी जो रुग्ण सुई नाकारतो त्याच्या माथी स्कॅनवरचा अंदाजच निकाल म्हणून बसतो.

प्रत्येक गाठीला सुई पोहोचते असेही नाही. मानेतली, काखेतली, जांघेतली गाठ सोपी. छातीच्या मध्यभागातल्या गाठीसाठी श्वासनलिकेत दुर्बीण घालून, तिच्या टोकाच्या सोनोग्राफीने नेम धरून सुई मारतात. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रिया करायची की नाही हे बहुधा याच गाठींवर ठरते, म्हणून पेट स्कॅनवर त्या उजळल्या तरी पेशींचा पुरावा घ्यावा असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ही सोय मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांतच आहे आणि ती जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांपर्यंत नेणे हे पेट स्कॅनचे आणखी एक यंत्र बसवण्याइतकेच निकडीचे आहे. महाधमनीला चिकटलेल्या बारीक गाठीपर्यंत सुई नेणे धोक्याचे असेल, तर काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करता येतो किंवा तिला संशयित धरून रेडिएशनचे क्षेत्र वाढवता येते. हे निर्णय योग्यच आहेत, फक्त ते अंदाजावर घेतले आहेत याची नोंद हवी.

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण हे वाचून कुणी गाठीकडे दुर्लक्ष करायला लागला तर अनर्थ होईल. लिम्फोमाच्या रुग्णांपैकी किती तरी जण आपल्याकडे आधी क्षयाच्या गोळ्या खाऊन आलेले असतात. गाठ आहे, ताप आहे, वजन उतरले आहे म्हणजे क्षय, हा तर्क निम्माच बरोबर असतो. तपासणीविना सुरू केलेल्या त्या गोळ्यांत तीन-चार महिने जातात. भरीला कुणी स्टेरॉइड दिले तर लिम्फोमाची गाठ तात्पुरती विरघळते आणि नंतरची बायॉप्सीही गोंधळात टाकते. लिम्फोमाची शंका असेल तिथे बारीक सुई पुरत नाही, शक्यतो अख्खी ग्रंथी काढून पाहावी लागते. उलट तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाची मानेतली गाठ उठसूट कापून काढणे चुकीचे. तिथे आधी सुईच.

तोंडाचाच विषय निघाला म्हणून: तंबाखू-गुटख्याने झालेल्या तोंडाच्या जखमेत संसर्ग असतोच, त्यामुळे मानेतल्या ग्रंथी नुसत्या सुजूनही मोठ्या होतात. पण हाताला काही लागत नाही म्हणून मान सोडून देणेही महागात पडते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असेच रुग्ण होते: तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा, मानेत गाठ लागत नाही. मूळ शस्त्रक्रियेबरोबरच मानेतल्या ग्रंथी काढल्या त्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते. गाठ येईपर्यंत वाट पाहिली त्या गटात ६७.५ टक्के. म्हणजे बोटांचा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो. मोठी गाठ निरुपद्रवी निघते आणि न लागणाऱ्या गाठीत आजार लपलेला असतो.

सुईचा निकाल ‘कॅन्सर नाही’ असा आला तरी तेवढ्यावर फाइल बंद करता येत नाही. सुई चुकीच्या जागी गेलेली असू शकते, पेशी अपुऱ्या असू शकतात. रिपोर्टात ‘कॅन्सर दिसला नाही’ यापेक्षा काय दिसले हे महत्त्वाचे. क्षय दिसला, जंतू मिळाला, तर ते उत्तर झाले. नुसते ‘प्रतिक्रियात्मक बदल’ असतील आणि गाठ महिन्याभराने तशीच किंवा वाढलेली असेल, तर पुन्हा सुई. कॉलरबोनच्या वरच्या खळग्यातली गाठ, विशेषतः डावीकडची, तर एवढीही वाट पाहू नये. पोटातले आणि छातीतले कॅन्सर तिथे वर्दी देतात.

वैद्यकीय महाविद्यालयांनी हे सगळे आपापल्या ट्यूमर बोर्डाच्या बैठकीत एका ठरावाने करण्यासारखे आहे. सुई पोहोचेल अशा एकट्यादुकट्या गाठीवरून, पेशींच्या पुराव्याविना, कुणालाही चौथा टप्पा लिहायचा नाही. टप्प्यापुढे आर की पी ते लिहायचे. ग्रंथी काढली की दोन बाटल्या. रेडिऑलॉजिस्टने ‘मेटास्टॅटिक’ हा शब्द ठेवावा, पण पुढे क्षयाची किंवा साध्या सुजेची शक्यता किती वाटते तेही एका ओळीत लिहावे. ‘क्लिनिकली कोरिलेट करावे’ या शिक्क्याने आजवर कुणाचे काही कोरिलेट झालेले नाही.

नातेवाइकांनी स्कॅनचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसल्यावर विचारायचा प्रश्न एकच आहे: या गाठीतून पेशी काढून पाहिल्या का, आणि नसतील तर का नाही? यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगला डॉक्टर या प्रश्नाने सुखावतोच. बरोबर जुने एक्स-रे न्यावेत, कारण पाच वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तीच गाठ तेवढीच दिसली तर अर्धे काम झाले. घरात कुणाला क्षय झाला होता का, लस कधी आणि कोणत्या दंडावर घेतली, सांधेदुखीचा किंवा त्वचेचा जुना आजार आहे का, स्वयंपाक चुलीवर होता की गॅसवर, हे विचारण्याची वाट न पाहता सांगून टाकावे. आणि जांघेत गाठ असेल, तर तपासणीच्या टेबलावर चप्पल काढून, बोटांच्या बेचक्या उघडून आधी पाय दाखवावेत.